किल्ली डावीकडं

पहिला धडा फुकट होता. दुसराही.
सगळेच अकरा.
कारखान्यातून आल्यावर, रात्री साडेदहाला,
दिवसभर टॉवेलच्या घड्या घातलेल्या बोटांनी
मी पोराचा जुना लॅपटॉप उघडायची.
बॅटरी मेलेली त्याची. शेजारचे माग थांबले
की माझाही धडा तिथंच थांबायचा.

शिकवणारा कुठल्याशा हिरव्या गावचा.
त्याचं निम्मं कानाला कळायचं, निम्मं बोटाला.
त्याच्या नकाशात नदी म्हणजे निळी रेघ,
बारा महिने निळी.
विचारावंसं वाटायचं,
पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याला
रंग कुठला देऊ, बाबा?

बिंदू, रेषा, क्षेत्र.
या तिघांत म्हणे अख्खी दुनिया बसते.
बिंदू म्हणजे व्हॉल्व्ह.
रेषा, त्याला जोडलेला पाइप.
आणि क्षेत्र म्हणजे घागरी लावून बसलेल्या आम्ही.

एकदा अक्षांशाच्या रकान्यात रेखांश टाकला
आणि कुचन नगरातले सतरा व्हॉल्व्ह
उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडले.
बाहेर भिंत अजून तापलेली,
टेबलफॅन गरम हवाच ढवळतोय,
आणि आमचा वॉर्ड बर्फात.
एकटीच हसले. सासू आतून ओरडली, काय झालं गं?
म्हटलं, काही नाही अत्तम्मा,
आपण जरा गार जागी आलोय.

हा सगळा खटाटोप रेवणसिद्ध मामांमुळे.
एकतीस तारखेला ते रिटायर होतात.
एकोणचाळीस वर्षं खांद्यावर लोखंडी किल्ली,
कुठल्या फरशीखाली काय, ते फक्त त्यांच्या डोक्यात.
ऑफिसातला नकाशा घडीवर फाटलाय
आणि नेमका आमचा भाग घडीत.

रविवारी त्यांच्या मागनं फिरले, मोबाइल हातात.
ते टाच आपटायचे. हितं.
मोबाइल म्हणायचा, नऊ मीटर इकडंतिकडं.
मामा म्हणाले, सांग त्याला,
नऊ मीटरमध्ये आपल्याकडं दोन भांडणं बसतात.

संध्याकाळी घरी आले, वॉर्ड पहिल्यांदा वरून पाहिला.
चहा गार झाला.
"हे आपलं? नुस्ते पत्रेच की."
मग काचेवर बोट टेकवून,
हितं नको. दोन पावलं अलीकडं. लिंबाच्या बुडाशी.
मामा, तो लिंब तर रस्ता रुंद करताना गेला.
पण उपग्रहाच्या फोटोत होता.
फोटो जुना. एक गोल हिरवा ठिपका,
बाजूला पडलेली त्याचीच सावली.
मामा काही बोलले नाहीत. बोटही काढलं नाही.
मी बिंदू दोन पावलं सरकवला.

मग तक्ता भरायला बसले.
क्रमांक. व्यास. बसवल्याचं साल, माहीत नाही.
शेवटचा रकाना, शेरा.
तो रिकामा सोडला तरी चालतो, असं सातव्या धड्यात होतं.
मी त्यात मामा बोलले तसं लिहिलं:

वेढे बावीस. किल्ली डावीकडं.
आधी नुसती हवा येईल, फुसफुसत.
नवा माणूस घाबरून परत आवळतो.
आवळू नये.
थांबावं.