जोड्या लावा

खोकं राजधानीहून आलं, एका बाजूने भिजून.
आत दुसरीसाठी छापील कागद:
डावीकडे हत्ती, पाणघोडा, सुगरण, पेंग्विन,
उजवीकडे घरटं, बर्फ, जंगल, नदी.
मधे चार बोटं कोरी जागा.
जोड्या लावा. गुण चार.

ओकावांगोच्या या काठावर
शाळेच्या खिडक्यांना काचा नाहीत,
म्हणून वर्गात नदीचा वास आधी येतो,
मुलं नंतर.
पाऊस तिकडे अंगोलात कोसळतो
आणि पाणी इथे पोचेपर्यंत
आमचं आभाळ कोरडं झालेलं असतं.
हे मुलांना सांगावं लागत नाही.
मला इथे बदली झाल्यावर
त्यांनीच सांगितलं होतं.

सुगरणीला घरटं, यावर एकमत झालं.
पेंग्विन कुणी पाहिलेला नाही.
बर्फ मात्र सगळ्यांनी पाहिलाय,
बाजारातल्या दुकानात, माशांच्या पेटीत.
गाओनेने बर्फाभोवती पेटी काढली
आणि पेटीला आतून कडी.
"त्याला हवं तेव्हा बाहेर येता यावं, बाई."
गुण दिला.

पाणघोड्यावरून भांडण झालं.
छापणाऱ्याच्या मते तो नदीत राहतो.
"दिवसा," केबोपे म्हणाला.
"रात्री आमच्या मागच्या अंगणात असतो.
गवत तोडताना कर्रकर्र ऐकू येतं.
आई म्हणते, शू लागली तरी दाबून धरा."
मग त्याला रेघा किती?
मी उत्तरांचा कागद पाहिला. एक.
मी म्हटलं, दोन.
रात्रीची ठिपक्याठिपक्यांची काढा.

एवढ्यात ओआराबिले आली, तासभर उशिरा,
गुडघ्यांना माती.
"ते वाटेवर होते."
इथे 'ते' म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही.
किती, एवढंच विचारतात,
त्यातून गणितही होतं.
"अकरा. आईच्या पोटाखालचं धरलं तर बारा.
वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता,
तशी बसून राहिले."
हे मी शिकवलेलं नाही.

तिने कागद घेतला.
हत्तीपासून जंगलापर्यंत रेघ नेली,
जंगलापासून नदीपर्यंत,
नदीवरून वळवून पुन्हा जंगलाकडे.
कागद संपला.
रेघ बाकाच्या लाकडावर उतरली,
तिथे दोन चौकोन आले.
"हे काय?"
"आमचं घर. ही शाळा."
"रेघेवरच काढलीस?"
"रेघ आधी होती, बाई."

मागून मोएती ओरडला,
"आमचं तर देवकच हत्ती!"
"मग तुमच्या दारातून जाऊ देत," कुणीतरी म्हणालं,
आणि वर्ग खो खो हसला.
ओआराबिले हसली नाही.
तिचा मामा गेल्या हिवाळ्यात
त्याच वाटेने मासे विकून परतत होता.
मला ते ठाऊक होतं.
तिच्याजवळ बसायला हवं होतं मी.
मी मुलांना पाणी प्यायला सोडलं.

दुपारी कागद गोळा केले.
तिच्या कागदावर हत्ती आला, जंगल, नदी,
आणि काठापाशी तुटलेली रेघ.
घर, शाळा बाकावरच राहिली.
चार गुणांत हे कसं बसवायचं
ते मला अजून कळलेलं नाही.
कागद तसाच ठेवलाय, न तपासता.

शाळा सुटते, पण फाटक उघडत नाही.
शिपाई पाण्याच्या टाकीवर चढतो,
डोळ्यांवर हात धरतो.
खाली सदतीस मुलं दप्तरांवर बसलेली.
कुणी मिरचीच्या धुराने शिंकतं,
कुणी पंजाने मातीत पावलं उमटवतं, हत्तीएवढी,
आणि त्यात स्वतःच उभं राहून बघतं.
टाकीवरून हाताची खूण होते:
थांबा.
ओआराबिले मोजायला लागते.