फुटलेले कान

एसी सकाळपासून बंद. येसेनियाने
काचपट्ट्यांचा ट्रे खिडकीपासून आत सरकवला.
एर्मिनिओ पोर्तियो, वय एकतीस, उसुलुतान.
काम: ऊस तोडणे.
मूत्रपिंडाचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा.

भिंगाखाली नळीची भिंत.
धडधाकट माणसात ती जवळजवळ बहिरी असते
टीएनएफच्या हाकेला.
इथे काठाकाठाने तपकिरी डाग, ग्राहीच ग्राही.
भिंतीलाही कान असतात म्हणतात;
या भिंतीला कान फुटलेत,
दोन्ही अर्थांनी.

एक पेशी ओरडली, आग!
शेजारणीने ऐकलं, तीही ओरडली,
मग तिसरी, मग बाहेरून धावत आलेल्या पांढऱ्या पेशी,
आणि कुणीच विचारलं नाही, कुठे?
आग तर केव्हाची तिकडे,
रात्री पेटवलेल्या फडात,
दुपारी बाराच्या टोपीखाली,
दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीत.

काही पेशी वैतागून
आपलेच कान कापून रक्तात सोडून देतात.
ते तरंगत राहतात,
वाटेतल्या हाका पोटात घालतात.
येसेनिया त्यांना प्लाझ्मात मोजते:
कान जितके जास्त
तितकं मूत्रपिंड कमी उरलेलं, बहुतेकदा.
का, यावर वरच्या मजल्यावर अजून वाद चालतात.

अर्जात 'तक्रार' असा रकाना आहे.
त्यात मोठ्या, शाळकरी अक्षरात:
काही नाही.
पुढची तारीख?
हंगाम संपला की.
एप्रिलात बघू.