९८४१७

डब्यावरच्या नंबरातले पहिले दोन आकडे
म्हणजे त्याचं जन्मसाल.
हे ठाऊक असणारी माणसं कुडाळात आता दोन.
एक मी, दुसरा इनास लोबो,
आणि इनासला नीटसं ऐकू येत नाही.

पंचवीस वर्षं भरली की डब्यावर खडूनं लिहितात
कंडम.
मीच लिहिलं. निवृत्तीला आठ दिवस होते,
साहेबांनी खडू हातात दिला.
अक्षर वळणदार आलं
याचीच लाज वाटली.

पॅसेंजरचे बाकीचे अकरा डबे भंगारात गेले.
हा एक ठेवायचा ठरला, स्टेशनाबाहेर,
रिक्षा स्टँड आणि सुरंगीच्या मधल्या जागेत,
रुळाच्या दोन तुकड्यांवर.
कागदावर शब्द होता, जतन.

मग महिनाभर मी जतन बघत बसलो.

आधी फिनेल. चार माणसं, दोन दिवस
तिसऱ्या दाराजवळ गुडघ्यांवर बसून
बांगड्याचा वास काढत होती.
द्रौपदी तांडेलच्या पाटीचा वास,
त्याआधी तिच्या सासूच्या.
सासू वारली, पाटी तीच होती.
मग खिडकीखाली खिळ्यानं कोरलेलं
'संज्या नापास' पुट्टीनं भरलं.
संज्या आता कणकवलीत वकील आहे,
त्याला बरंच वाटलं असेल.

मग रंग.
कंत्राटदार म्हणाला, जुनी गाडी म्हणजे तांबडी.
मी म्हटलं, ही निळी होती हो,
आली तेव्हा निळी, गेली तेव्हा निळी.
आमच्याकडे जुनं एवढंच जुनं आहे.
रूळच यायला किती वर्षं लागली,
माझी थोरली हिच्याहून वर्षानं मोठी,
गाडी नव्हती म्हणून एसटीत जन्मली, हातखंब्याच्या अलीकडे.
तो हसला, चहा पाजला.
गाडी तांबडी झाली.

शेवटी चाकं.
ती पळून जाऊ नयेत म्हणून इनासनं
रुळाला वेल्ड केली, आठच्या आठ.
ठिणग्या उडत होत्या तेव्हा त्यानं
चष्मा लावला होता काळा,
म्हणून त्याचं तोंड काय म्हणत होतं कळलं नाही.

पंचवीस वर्षं मी चाकं वाजवली.
रात्री अडीचला, गुडघाभर चिखलात,
एका हातात बॅटरी, एका हातात हातोडी.
खणखणीत आली तर जा.
बद्द आली तर थांब,
मग आत मंत्री असो की वरात.
हातोडी जमा केली, तिची पावती घरी आहे.
म्हणून परवा छत्रीच्या टोकानं वाजवलं.
पहिलं चाक. दुसरं. वाकून तिसरं.

बद्द.

इनासनं मान वर करून खुणेनं विचारलं, काय?
मी खुणेनं सांगितलं, बरी आहे.

उद्घाटनाला केळीचे खांब, पेढे, शाळेची मुलं.
द्रौपदी बाजारातून परत जाताना थांबली,
पाटी उतरवली नाही डोक्यावरची.
चढ गे, तुझीच गाडी, कोणीतरी म्हणालं.
ती दाराकडे बघून म्हणाली,
"चढतंय, पण उतरतलंय खंय?"
आणि रिक्षाचं भाडं ठरवू लागली.

बत्तीस नंबरच्या खिडकीची झडप
कधीच वर राहिली नाही.
तक्रारवहीत मी तीनदा लिहिलं, दुरुस्त.
तीनदा खोटं.
त्यांनी सगळं नवं केलं, ही तेवढी राहून गेली.
रात्री सव्वाअकराची मालगाडी जाते,
चौथऱ्याला हादरा बसतो,
आणि बत्तीस नंबर धाडकन खाली.
माझ्या घरापर्यंत ऐकू येतं.
बायको कूस बदलते, म्हणते, गेली वाटतं.

सकाळी दुधाला जाताना मी आत चढतो.
दारात पाटी आहे, हात लावू नये.
झडप वर करतो, खाचेत
जुन्या तिकिटाची घडी बसवतो,
कुडाळ ते राजापूर रोड,
तारीख पुसली आहे.
संध्याकाळपर्यंत धरते.