साडेचार-एकवीस

गुरुवारी, भर दुपारी, सगळं कार्मेलो झोपलेलं असताना
सेफेरिनो बेंतांकोर माझ्या दुकानात येतो.
काखेत थर्मास आणि गावाला वळसा.
"नेलिदा, आला का?"
मी ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडे कुठून येतात ते बघत असते.
"नाही," म्हणते.

साडेचार-एकवीस. एवढंच हवंय त्याला.
साडेचार इंच रुंद, एकवीस इंचांच्या रिमवर बसणारा,
सायकलच्या थोरल्या भावासारखा सडपातळ टायर,
एकोणतीस सालच्या फोर्डचा.
आताच्या टायरांची नावं सरकारी पत्त्यांसारखी:
आकडा, तिरकी रेघ, आकडा, अक्षर, पुन्हा आकडा.
जुन्यांना दोनच पुरायचे.
घरातून हाक मारावी तसे.

गाडी ओढ्यापलीकडे चार ठोकळ्यांवर उभी.
मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते.
इंजिन ठणठणीत. रविवारी तो हँडल मारतो,
गाडी जागच्या जागी थरथरते,
कोंबडी वैतागून उतरते,
बंद झालं की परत चढते.
पुतण्या म्हणाला, "काका, सोळाची रिमं टाक, आज संध्याकाळी फिरवू."
"वहाण मिळेना म्हणून पाय कापू?"
पुतण्या पुन्हा बोलला नाही.

शोधलं नाही असं नाही.
एक धक्क्यावर सापडला, बोटी आपटू नयेत म्हणून टांगलेला.
सेफेरिनोनं अंगठ्याला थुंकी लावून पुसलं:
चार, टिंब, पाच, शून्य.
मग दाबलं तर शिळ्या पावासारखा भुगा झाला.
दोन होते नुएवा पाल्मिरात, बाटल्या गोळा करणाऱ्याच्या घोडागाडीला.
तो म्हणाला, "घोड्याला विचारा."
सेफेरिनोनं खरंच विचारलं.
घोड्यानं मान फिरवली.

मग सीमेपलीकडच्या एका कारखान्याचं पत्र आलं.
साचा आहे, माळ्यावर आहे, गंजलेला नाही.
पण तीनशे नग घेणार असाल तरच खाली उतरवू.
तीनशे!
त्यानं पत्राची घडी केली, टोपीत ठेवली,
आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघाला.

आता त्याच्याकडे एक वही आहे.
दोलोरेसचा औषधवाला: चार.
तारारिरासची शिक्षिका, जिची गाडी गोठ्यात गवताखाली आहे: चार.
दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत
आणि एकाच गाडीचे अर्धे-अर्धे मालक आहेत: दोन, आणि दोन.
हिशेब पुरेना, तेव्हा तो प्रत्येकाला स्टेपनीची गळ घालू लागला.
"पाचवा घ्याच. रस्ता सांगून येत नाही."
बहुतेकांनी घेतला. बहुतेकांची गाडी अंगणाबाहेर जात नाही.

कधी आकडा मागेही येतो.
औषधवाला हिवाळ्यात गेला.
त्याच्या मुलीनं गाडी एका हॉटेलला दिली, 
दारात उभी करून तिच्यात फुलझाडं लावली.
फुलझाडांना टायर लागत नाहीत.
सेफेरिनोनं त्या नावावर काट मारली नाही,
फक्त पुढचा पाच खोडला,
आणि नाव राहू दिलं.

आजही गुरुवार.
ऊन इतकं की पत्रा कडकडतोय.
तो स्टुलावर बसला, माते भरला, मला दिला,
वही मांडीवर उघडली.
दोनशे त्र्याऐंशी.
मी नळी तोंडात धरून आकड्याकडे बघत राहिले.
तीस वर्षं मी दुसऱ्यांची चाकं काढते, लावते.
स्वतःची गाडी कधी घेतली नाही,
जायचं कुठे होतं?
"माझं नाव लिही," म्हणाले.

त्यानं विचारलं नाही कुठली गाडी.
विचारलं नाही का.
पेन्सिलीचं टोक जिभेवर टेकवलं,
नवी ओळ धरली,
आणि मान वर न करता म्हणाला,
"चार, की स्टेपनीसकट?"