कलम अकरा

मागच्या वेळी सह्या जीपच्या बॉनेटवर झाल्या.
बाप सांगतो, पत्रा इतका तापलेला
की अंगठा उमटायच्या आधीच शाई वाळली.
मग एकवीस वर्षं तो
टॉवर नंबर सत्तेचाळीसचा वॉचमन.
टॉवरखाली त्याच्या बापाची नागली होती,
वनखात्याच्या वहीत तिचं नाव : अतिक्रमण.

निळा शर्ट, शिटी, बॅटरी.
राखायचं काय? वारा तर कुणी चोरत नाही.
तांब्याची तार, तो म्हणतो,
आणि स्वतःची झोप.

या वेळी कंपनीला आम्ही मोहाखाली बसवलं.
मोहपाडा, तालुका साक्री, सकाळचे आठ,
हजर एकशे अठरा, पैकी बाया एकसष्ट.
हे मीच लिहिलं, वही माझ्याकडे असते.
कोवळ्या उन्हात पात्यांची लांब सावली
कागदावरून जात राहिली.
ओळ उजेडात सुरू करावी तर काना सावलीत पडायचा.
माझी त्या दिवसाची पानं बघा,
अक्षर दचकल्यासारखं आलंय.

बहिरमांच्या हितेशने करार मोठ्याने वाचला,
एकदा मराठीत, एकदा आमच्या कोकणीत.
साहेब म्हणाले, सारांश सांगितला तर चालेल.
आम्ही म्हणालो, आज आम्हाला वेळ आहे.
त्यांच्या गाडीचा एसी चालूच होता,
ड्रायव्हर आत झोपला होता, तोंड उघडं टाकून.

कलम चार : डोंगरउताराला सौर पॅनल.
मंजुळाने विचारलं, धुवायला टँकर किती?
आमचा हापसा फाल्गुनातच खोकायला लागतो.
कलम सात : कुशल, अकुशल.
मी वायरमन आहे, आयटीआयचा कागद आहे,
ऐंशी मीटरची शिडी दोनदा चढले आहे.
वरून आमचं घर
सांडलेल्या मिठाच्या खड्याएवढं दिसतं.
यादीत मी अकुशलमध्ये होते.
साहेब म्हणाले, टायपिंग मिस्टेक.
मी खोडून लिहिलं
आणि शेजारी त्यांची सही घेतली.

दुपारपर्यंत सावल्या
आपापल्या टॉवरच्या पायाशी जाऊन बसल्या.

तेव्हा आलं कलम अकरा :
'स्थानिकांना प्राधान्य देण्यात येईल.'
हितेश थांबला.
प्राधान्याला कोकणीत काय म्हणायचं,
त्याला सुचेना, मलाही सुचेना.
साहेबांनी समजावलं, प्रेफरन्स. ते तर अजूनच लांब गेलं.
झिपरी फुई इतका वेळ तंबाखू मळत होती.
साहेबांना कळावं म्हणून ती अहिराणीत बोलली :
"पहिले वाढशात, का उरनं तं वाढशात?"

कुणी हसलं नाही.
एकशे अठरा माणसं उत्तराकडे बघत होती.
साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले,
हे पुण्याला विचारावं लागेल.

विचारा, बाप म्हणाला.
ग्रामसभेत त्याला पहिल्यांदा बोलताना ऐकलं.
आवाज शिटीसारखाच निघाला,
एकदम, आणि जरा जास्तच मोठा.

तर कलम अकरा आता असं आहे :
'पंगतीत आधी.'
पुढे कंसात नोकऱ्या, पॅनल धुण्याचा ठेका बचत गटाला,
आणि विकलेल्या दर युनिटमागे गावाला
डॅश पैसे.
डॅश मी पेन्सिलीने काढलाय.
सही नाही, अंगठा नाही, गाडी गेली.

संध्याकाळी सावल्या परत आल्या, उलट्या बाजूने.
आमच्याकडची लाइट सातला गेली,
टॉवरवरचा लाल दिवा तेवढा लागलेला होता.
बाप ड्यूटीला निघाला.
दारात थांबून म्हणाला,
वही कुठे ठेवलीस?
पत्र्याच्या पेटीत, मी म्हणाले.
कुलूप?
लावलंय.
तरी जाऊन त्याने एकदा ओढून पाहिलं.