पावणेतीन मिली

मेडिकलच्या तळमजल्यावर एसीचा गारठा,
बाहेर मे महिना, सेहेचाळीस.
कळमन्याचा हमाल पंजाब ढेंगरे
माझ्या पडद्यावर काप काप उलगडतो.
मी माउसनं खोबणीची कड गिरवतो,
पहिलीत पाटीवर शून्य गिरवायचो तशी.
उजवी: साडेचोवीस.
डावी, जिथं हातगाडीचा दांडा बसला: सव्वासत्तावीस.
तळाचं हाड, कांद्याच्या सालीएवढं,
खाली बसलेलं.

"फरक कितीक हाय जी?" बायको दारातून.
"पावणेतीन मिली. खोकल्याच्या औषधाचं
अर्धं झाकण समजा."
ती झाकण आठवत राहिली.
मग म्हणाली, "तरीच.
महिना झाला, हे माह्याकडं
मागच्या खोलीतून पायल्यावानी पायतात."

रिपोर्टात तेवढा रकाना नव्हता.
मी कड पुन्हा एकदा गिरवली.