दोन तांबे पाणी

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडं,
आणि आज तिसरा.
आई म्हणाली, गाडीला दोन तांबे.
त्यावर थेंब मागायचा नाही.

इंडिका दारात, लिंबाच्या अर्ध्या सावलीत.
उरलेलं अर्धं ऊन
चौदा उन्हाळे पुढच्या दोन काचांनी खाल्लं.
काच म्हणायचं आपलं. असतं ते प्लास्टिक.
वरचं कातडं उन्हानं जळतं, मग पिवळं पडतं,
कढवून गाळायचं राहून गेलेल्या तुपासारखं.

अप्पा खुर्ची टाकून बसलेत.
"टूथपेस्ट लाव की गं. झालं."
टूथपेस्ट दिवाळीत लावली होती.
संक्रांतीपर्यंतसुद्धा टिकली नाही,
नुसता पुदिन्याचा वास राहिला बंपरला.

कडेनं टेप चिकटवली, रंगाला ओरखडा नको म्हणून.
आठशे नंबरचा वॉटर पेपर तांब्यात बुडवला
आणि घासायला घेतलं, आडवं,
एकाच दिशेनं.
पिवळं पाणी बंपरवरून ओघळलं.
मग काच पांढरी झाली. पार आंधळी.
"काय करालाव अक्का?" शेजारचा मोनेश.
"बिघडवालीय," अप्पांनीच सांगून टाकलं.

कन्ना चौकातला दुकानदार मात्र बजावून म्हणाला होता,
आधी पूर्ण बिघडू द्या.
भिऊन मधेच सोडलं तर ते तसंच राहतं जन्मभर.
मी सोडलं नाही. पंधराशेचा घेतला, उभं घासलं.
मग दोन हजार.
आवाज बदलत गेला:
आधी जात्याची खरखर,
मग भाकरी थापतानाचा,
मग मागावरून उतरलेल्या टॉवेलवर
कुणी तळवा फिरवावा, तेवढाच.

पहिला तांब्या संपला.
दुसरा निम्म्यावर आला तेव्हा
अप्पा एकदम म्हणाले,
शेवटची दोन वर्षं मला दिसतच नव्हतं.

म्हणजे?

नळदुर्ग सुटलं की एखादा ट्रक गाठायचो.
उमरग्यापर्यंत त्याच्या मागं मागं.
उजेड त्याचा, रस्ता त्याचा,
मी आपलं स्टिअरिंग धरून.
तो ढाब्यावर वळला तर मीपण वळायचो,
भूक नसली तरी चहा.
शेठ मागं झोपलेला, डिकीत चादरींचे नमुने.
मला वाटायचं डोळेच गेले.
म्हणून तर सोडली गाडी.
कुणाला सांगणार?

मी काचेकडं बघत राहिले.
आई उंबऱ्यातून आत गेली.
बाहेर आली,
तिसरा तांब्या माझ्या पायाशी ठेवला
आणि काही न बोलता
ज्वारीच्या सुपाकडं वळली.

मग पॉलिश, जुन्या बनियनच्या बोळ्यानं.
वाटोळं, वाटोळं, खांदा भरून येईपर्यंत.
आत बल्बची चांदीची वाटी दिसली,
तिच्यात मोनेशचं उलटं तोंड.
वरून लॅकरचा फवारा मारायचा होता,
नाहीतर दोन उन्हाळ्यांत पुन्हा तेच.
पण सोलापूरच्या मे महिन्यात धूळ थांबते कुठं?
आई आणि मोनेश चादरीची दोन टोकं धरून
पाऊण तास उभे होते, वाऱ्याला पाठ देऊन.
तरी डाव्या काचेत एक कण अडकलाच.
अजून असेल तिथं.

रविवारी बार्शीचा माणूस आला.
टायरला लाथ मारून बघितली, सीट दाबली,
सात हजार कमी केले.
दिव्यांकडं ढुंकून बघितलं नाही.
अप्पा म्हणाले, लाईट लावून तर बघा.
"दुपारी बाराला?" तो हसला.
पण किल्ली अजून अप्पांच्या हातात होती.
त्यांनी लावले.

त्या उन्हात काहीच दिसलं नाही.
मला तरी नाही.
अप्पा पुढं जाऊन वाकले,
उजवा तळहात काचेसमोर धरला,
जवळ नेला, लांब नेला,
सावलीसाठी दुसऱ्या हातानं आडोसा केला.
बार्शीवाला नोटा मोजत होता.
दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
तोवर अप्पांनी हात काढला नाही.